मंत्रीमहोदय, कॅमेऱ्याच्या खोक्यावर खरं छापायला कधी लावताय?

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात दारातून गाडी चोरीला गेली. कॅमेरा होता, चालू होता, रेकॉर्डिंगपण आहे. माणूस येतो, गाडी घेतो, जातो, आणि तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग. पोलीस म्हणाले, जरा चांगला कॅमेरा घ्यायचा ना! चांगला म्हणजे कसला ते कोण सांगणार? तुम्हीच भाषणात म्हणाला होतात की खोक्यावर खरी माहिती सक्तीची करू. टाळ्यापण घेतल्यात.

आता खिशाला परवडेल असा नवीन घ्यायचाय म्हणून रोज रात्री वाचत बसतो, झोप तशीही उडालीच आहे. खोक्यावर काय तर 'एआय', 'नाइट व्हिजन', 'फुल एचडी'. अनोळखी चेहरा ओळखायला समोरच्या दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात, असं २०१४च्या आंतरराष्ट्रीय निकषात आहे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० पिक्सेल, भागून बघा, जेमतेम साडेसात मीटर रुंदी! मग जास्त रुंद दाखवून तेच ठिपके पातळ करणारी ती वाइड अँगल लेन्स घेऊन नुसतं अंगण बघत बसू का? ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) चोवीस तास रेकॉर्ड केलं तर दिवसाला ४३ जीबी, १२८ जीबीचं मेमरी कार्ड तीन दिवसांत फुल्ल आणि जुनं पुसलं जातं. हे कुठे छापलंय?

आणि पासवर्ड? २०१६ मध्ये मिराय बॉटनेटने (हॅक केलेल्या उपकरणांच्या फौजेने) असलेच कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डर) ताब्यात घेऊन ट्विटर, नेटफ्लिक्सपर्यंत सगळं लोळवलं. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच पासवर्ड देणं बंद केलं, वर सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत देणार तेही कंपनीला सांगावं लागतं. तुमची फाइल अजून कुठल्या टेबलावर आहे? माझ्या कॅमेऱ्याचं शेवटचं अपडेट कधी आलं तेच आठवत नाही, ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे-रेकॉर्डर एकमेकांना जोडायचं मानक) नाही म्हणून दुसऱ्या रेकॉर्डरलाही जोडता येत नाही, कंपनीने उद्या ॲप बंद केलं की धडधाकट कॅमेरा भंगारात.

पण तुम्हाला काय त्याचं! कॅमेरा आम्ही लावायचा, फुटेज आम्ही काढायचं, पेनड्राइव्हपण आमचाच. कोपऱ्यावरच्या सरकारी कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणे बंद आहे. मग टॅक्स कसला घेता? सगळी सुरक्षा आम्हीच बघायची तर खातं तरी कशाला हवं?

तीनच गोष्टी छापायला लावा: अपडेट कोणत्या तारखेपर्यंत, इंटरनेट नसताना काय काय चालतं, आणि चेहरा किती अंतरापर्यंत ओळखू येतो. आणि उत्तर पाठवाल तर 'आपला अर्ज प्राप्त झाला' एवढंच नको, ते आधीच आलंय.

आपला,
एक वैतागलेला करदाता