पाण्याच्या वाटा पावसाळ्यात मोजा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

नागपूर-गोंदिया आणि नागपूर-चंद्रपूर या नियोजित द्रुतगती मार्गांच्या बातम्या वाचतो, म्हणून लिहितो आहे. समृद्धी महामार्ग आमच्या हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याहून निघतो, आणि आमचं वावर त्याच पट्ट्यातलं.

मोबदल्याची तक्रार नाही. पाचपटीपर्यंत भाव मिळाला, थेट खरेदी झाली. धाकट्या भावाने त्यातून शहरात प्लॉट घेतला. पण वावराचे दोन तुकडे झाले. 701 किलोमीटरच्या या रस्त्यावर बंडी, ट्रॅक्टर, दुचाकी काहीच चालत नाही (120 च्या वेगात चालूही नये). पलीकडे जायला रस्त्याखालची मोरी आहे, ती नेमकी नाल्याच्या पात्रात. पाऊस लागला की गुडघाभर पाणी, खाली गाळ. बंडी निघत नाही, निंदणाला बाया यायला तयार नसतात.

दुसरं दुखणं भरावाचं. वरच्या अंगाचं पाणी पूर्वी धुऱ्याधुऱ्याने पसरत उतरायचं, आता सगळं त्या एका मोरीवर येतं. वर काळ्या जमिनीत पाणी साचून तूर पिवळी पडते. खालच्या शेजाऱ्याची माती खरडून जाते. मोजणीवाले आले ते भर उन्हाळ्यात, नाला कोरडा ठाक असताना. त्यांना काय दिसणार?

जबलपूर रस्त्यावर पेंचमध्ये वन्यप्राण्यांसाठी उंच पूल झाले, त्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसले. चांगलंच झालं. त्यासाठी लोक कोर्टात भांडले, प्राण्यांच्या वाटा शोधल्या गेल्या. पाण्याच्या वाटांसाठी कोण भांडतं?

गोंदियाच्या रस्त्यावर हे जास्त महागात पडेल. माझी बहीण साकोलीकडे दिली आहे. तिकडे धानाच्या एका बांधीतलं पाणी दुसरीत उतरतं, मामा तलावांचंही (म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावांचंही) तसंच. मधे आठ-दहा फुटांचा भराव आला की वरची बांधी बुडणार आणि खालची वाळणार.

म्हणून आखणी पक्की करण्याआधी एक फेरी ऑगस्टमध्ये मारा, सोबत गावचा एखादा म्हातारा घ्या. बंडीची वाट नाल्याच्या पात्राबाहेर, उंचावर ठेवा. आणि भरावाचा मुरूम टेकड्या फोडून आणण्यापेक्षा बुलडाणा पॅटर्नसारखा नाले-तलाव खोल करून काढा. खड्डा कुठे तरी पडणारच आहे, तो तलावात पडू द्या.

आपला,
एक शेतकरी, ता. हिंगणा, जि. नागपूर