आधी सांगितलेली मदत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि एका वाक्यापाशी अडलो. 'एवढ्या शिष्यवृत्त्या असताना हुशार मुलं शिक्षण का सोडतात?' तू स्वतः शिष्यवृत्ती समितीवर आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीचा अर्ज भरायला तिच्याशेजारी बसलो होतो. प्रवेश मिळालेला, मदतीलाही पात्र. पण नियम असा, की फी आधी भरायची, मदत मागाहून खात्यात जमा होणार. कधी, ते कुठेच लिहिलेलं नाही. शेवटच्या तारखेभोवती तिने पेनाने इतक्यांदा गोल काढला होता, की कागद तिथे फाटायला आला होता. उत्पन्नाचा रकाना आला तेव्हा तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांचं काम हंगामी. ते म्हणाले, "कुठल्या महिन्याचं सांगू?" तारीख निघून गेली. तिने आता नोकरी धरलीय. पुढच्या वर्षी बघू म्हणते, पण घरात पगार येऊ लागला की तो तोडून पुन्हा वर्गात बसणं किती कठीण, ते तुला ठाऊक आहे.

पैसे नव्हते असं नाही रे. पैसे होते, पण उशिरा येणार होते.

अमेरिकेतले दोन प्रयोग मुद्दाम कळवतो. २००८ मध्ये संशोधकांनी काही कुटुंबांना, ती कर भरायला आली असतानाच, शिक्षणाच्या मदतीचा अर्ज भरून दिला. दहाएक मिनिटांचं काम. त्या घरांतली शाळा संपवणारी मुलं पाहिली, तर पुढच्या तीन वर्षांत निदान दोन वर्षं कॉलेज करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना नुसती माहिती देऊन पाठवलं, त्यांच्यात फरक पडला नाही.

दुसरा मिशिगन विद्यापीठाचा. गरीब घरच्या हुशार मुलांना आधीच पत्र धाडलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षं शिकवणी शुल्क माफ, मदतीचा वेगळा अर्ज नको. यातल्या बहुतेकांना ही माफी एरवीही मिळालीच असती. तरी पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी प्रवेशअर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे २७ आणि १२ टक्के. हे आकडे मी दोनदा तपासले, इतका हललो होतो. तीच मदत, फक्त वेळेवर आणि खात्रीने सांगितलेली!

कर्जाचंही तेच. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून फी शिकून झाल्यावर, कमाई ठरावीक पातळीच्या वर गेली की पगारातून घ्यायची पद्धत आणली. कमाई नाही, तर हप्ताही नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांतलं शिकवणी शुल्क २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांनी काढून टाकलं होतं. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र उरतोच, आणि शिक्षण फुकट म्हणताना लोक तो विसरतात. मला स्वतःला कर्जापेक्षा अनुदान बरं वाटतं. ज्या घराने कधी कर्ज फेडून संपवलेलं पाहिलं नाही, तिथे मुलगी सहीलाच घाबरते.

तेव्हा तुझ्या समितीला एवढंच सांग: पात्र मुलांची नावं शाळेकडून आधी मागवा, निकालाची वाट पाहू नका, आणि रक्कम थेट कॉलेजकडे भरा. बैठक कधी आहे ते कळव. मुलांना जायच्या पत्राचा मसुदा मी लिहून ठेवतो, एका पानाचा, वडिलांना वाचून दाखवता येईल असा.

तुझाच,
मित्र