कानबाईची चुकलेली तारीख आणि आठवड्याने पोहोचलेली सूचना

दिनांक : २० ऑगस्ट २०२५
स्थळ : तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
कुटुंबवार्ता व सणसूचना ॲप कंपनी

विषय : सणाची चुकीची तारीख दाखवल्याबद्दल, कुटुंबाची तातडीची सूचना सहा दिवस अडकवून ठेवल्याबद्दल आणि तक्रारीची दखल न घेता ती परस्पर बंद केल्याबद्दल.

संदर्भ : माझी ५ ऑगस्ट २०२५ ची तक्रार आणि तिला ९ व १४ ऑगस्ट रोजी आलेली आपली उत्तरे.

महोदय,

मी सेवानिवृत्त शिक्षक असून २०२२ पासून आपल्या सेवेचा वर्गणीदार आहे. आमचे कुटुंब अकरा बिऱ्हाडांत विखुरलेले आहे. त्यातली चार बिऱ्हाडे गावी आणि अमळनेरात असून बाकीची धुळे, नाशिक, कल्याण, पुणे, वडोदरा आणि इंदूर येथे आहेत. कोणाकडे बाळ झाले, कोणाची सोयरीक जुळली, कोण दवाखान्यात आहे आणि कोणत्या सणाला कोण येणार, हे सर्वांना एकाच वेळी कळावे एवढ्याचसाठी आम्ही ही सेवा घेतली. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाची १,७९९ रुपये वर्गणी मी स्वतः भरली असून पावती आपल्या नोंदीत आहे. पहिली तीन वर्षे सेवेबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती, हे प्रथमच नमूद करतो.

आपले कार्यालय खानदेशापासून दूर असल्याने तक्रार समजण्यासाठी थोडी माहिती द्यावी लागेल. नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई या देवीची स्थापना होते, रात्री जागरण होते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. हा सण एका घराचा नसून भाऊबंदांचा असतो. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याच पिठाचा रोट होतो आणि तो भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा असतो. रोट परक्या घरी जात नाही, उरला तर घरच्यांनीच संपवायचा. यावरून आपल्या लक्षात येईल की कानबाईला कोण येणार हा आमच्याकडे केवळ हौसेचा किंवा पाहुणचाराचा प्रश्न नसतो. यंदा माझ्या पुतण्याला मुलगा झाला असल्याने गव्हाच्या मुठी दहाच्या अकरा झाल्या होत्या आणि ती अकरावी मूठ माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आईने स्वतःच्या हाताने मोजली होती.

आता मूळ तक्रारीकडे येतो. २०२२ मध्ये खाते उघडताना मी ॲपमध्ये कानबाईची नोंद "नागपंचमीनंतरचा पहिला रविवार" अशी केली होती, कारण आपण दिलेल्या पर्यायांमध्ये सणाला जोडून वार निवडण्याची सोय होती. तेव्हा संपूर्ण कुटुंबाला खातेदाराच्या गावाचे पंचांग लागू होत असे आणि सर्वांना एकच तारीख दिसत असे. मार्च २०२५ च्या सुधारणेत आपण ही पद्धत बदलली व ज्याचा फोन ज्या राज्यात असेल त्याला त्या राज्याचे सण दाखवण्यास सुरुवात केली. या बदलाची सूचना मला मिळालेली नाही.

महाराष्ट्रात नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला असते. यंदा ती मंगळवारी, २९ जुलैला होती, म्हणून कानबाई रविवारी, ३ ऑगस्टला बसली. गुजरातेत मात्र नागपंचमी श्रावण वद्य पंचमीला पाळतात आणि ती यंदा १३ ऑगस्टला आली. माझा पुतण्या वडोदऱ्याला नोकरीस असल्याने आपल्या ॲपने गुजरातची नागपंचमी धरून त्याला कानबाईची तारीख १७ ऑगस्ट अशी दाखवली. एकाच कुटुंबाच्या एकाच खात्यातील एकाच नोंदीच्या दोन तारखा झाल्या आणि दोन्ही बाजूंना आपापली तारीख बरोबर वाटत राहिली. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होत असल्यामुळे पुतण्याने जूनच्या मध्यालाच १५ ऑगस्टची तिकिटे काढली. शुक्रवारची स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, त्यानंतर शनिवार आणि मग रविवारी कानबाई, असा योग जुळल्याचा त्याला आनंदच झाला होता. ॲपवर त्याने "कानबाईला येतो, तिकिटे झाली" एवढेच लिहिले, तारीख लिहिली नाही, आणि आम्हीही ती विचारली नाही.

खानदेशी माणसाला कानबाई कधी हे ॲपने का सांगावे लागते, असे आपण म्हणाल. सुरतेच्या लिंबायत, उधना भागात खानदेशी लोक इतके आहेत की पुतण्या तिथे राहत असता तर शेजारच्या ढोलाच्या आवाजानेच त्याला तारीख कळली असती. पण वडोदऱ्यात तो राहतो त्या इमारतीत अहिराणी बोलणारे दुसरे घर नाही, घरात सहा महिन्यांचे बाळ आहे आणि त्याची आई, म्हणजे माझी मोठी वहिनी, जी सगळ्या कुळाच्या तिथी तोंडपाठ सांगायची, ती दोन वर्षांपूर्वी वारली. अशा घरांसाठीच ही सेवा असल्याचे आपल्याच जाहिरातीत म्हटलेले आहे.

ही चूक वेळेत सुधारली असती, आणि येथे आपला दुसरा दोष येतो. दरवर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी कुटुंबाला रीतसर निमंत्रण लिहितो. यंदा सोमवारी, २८ जुलैला सकाळी मी स्थापनेची तारीख, विसर्जनाची वेळ आणि कोणी काय आणायचे हे सर्व लिहून टाकले. पूर्वी असा मजकूर त्याच क्षणी सर्वांच्या फोनवर वाजत असे. १ जुलैपासून आपण सर्व मजकूर एकत्र करून दर रविवारी "आठवड्याचा गोषवारा" म्हणून पाठवू लागला आहात. त्यामुळे सोमवारी लिहिलेले माझे निमंत्रण पुतण्याला ३ ऑगस्टच्या सकाळी साडेदहा वाजता पोहोचले, आणि तेसुद्धा पुण्याच्या भाच्याच्या नव्या मोटारसायकलची नऊ छायाचित्रे व एका विमा योजनेची जाहिरात यांच्या खाली. त्या वेळी येथे कानबाई चौरंगावर बसली होती. पूर्वी पन्नास पैशांचे पोस्टकार्ड टाकले तरी माणसाला निदान हे माहीत असे की ते पोहोचायला दिवस लागतात, म्हणून तो आठ दिवस आधी लिहीत असे. ॲपवर लिहिलेले लगेच पोहोचते असा समज आपणच तीन वर्षे करून दिला आणि मग न सांगता टपाल आठवड्यावर नेले.

त्याच पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला तर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई, इतके त्यातले तातडीचे आणि साधे वेगळे कळत असे. आपल्या गोषवाऱ्यात मोटारसायकल, निमंत्रण आणि मृत्यूची बातमी यांना एकाच मापाने मोजले जाते. मजकुरावर "तातडीचे" अशी खूण करण्याची सोय नाही, हे मी स्वतः प्रत्येक पर्याय उघडून पाहिले आहे.

रविवारी दुपारी बारा वाजले तरी पुतण्या आला नाही म्हणून मी फोन केला. "काका, अजून चौदा दिवस आहेत ना?" असे त्याने विचारले आणि मला काय उत्तर द्यावे हे सुचले नाही. तोवर आईने "ऊना का रे मन्हा नातू?" असे तीनदा विचारून झाले होते. त्या दिवशी निघूनही ते सोमवारच्या विसर्जनापर्यंत बाळाला घेऊन पोहोचू शकले नसते. कानबाईचे विसर्जन ४ ऑगस्टला बोरी नदीत झाले. त्यांच्या वाटणीचा रोट आम्ही बुधवारपर्यंत दुधाशी खाऊन संपवला. तिकिटे आधीच काढलेली असल्याने १५ ऑगस्टला ती मंडळी आली, तेव्हा चौरंग धुऊन माळ्यावर गेलेला होता. पणतवाला पहिल्या वर्षी कानबाईच्या पायावर घालायचे हे माझ्या आईने बाळ पोटात असल्यापासून मनाशी धरले होते. पुढच्या श्रावणात ती सत्त्याऐंशी वर्षांची असेल. या नुकसानीची रुपयांत किंमत मी मागत नाही, कारण ती मला काढता येत नाही.

फोन करून तारीख पक्की करून घेणे हे आमचेही काम होते आणि ते आम्ही केले नाही, हे मी मान्य करतो. परंतु अकरा घरांना अकरा फोन करावे लागू नयेत यासाठीच वर्गणी भरलेली आहे.

५ ऑगस्टला मी आपल्याकडे तक्रार नोंदवली. एका मिनिटात आभाराचा ठरावीक संदेश आला. ९ ऑगस्टला "आपल्या विभागानुसार सण दाखवले जात असून ॲप योग्य रीतीने कार्य करत आहे" असे उत्तर आले आणि ॲप काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला मिळाला. तोही मी पाळला. प्रदेश बदलण्याची सोय कोठेच सापडली नाही, कारण तो फोनच्या ठिकाणावरून आपोआप घेतला जातो. १४ ऑगस्टला तक्रार निवारण झाल्याचे कळवून मला सेवेला किती तारे द्याल असे विचारण्यात आले. उत्तर देणाऱ्या व्यक्तीने माझा मजकूर वाचलेला नाही, अशी माझी खात्री झाली आहे. सण विभागानुसार दाखवले जातात हीच तर माझी तक्रार आहे. नोकरी कोणत्या राज्यात आहे यावरून कुळाचे सण ठरत नाहीत. वडोदऱ्याला राहणारा खानदेशी माणूस कानबाईच्या बाबतीत खानदेशातच असतो.

यंदाची आखाजी, म्हणजे ३० एप्रिलची अक्षय्य तृतीया, सर्व बिऱ्हाडांना बरोबर दिसली आणि सासुरवाशिणींना आणायला मुराळी वेळेवर गेले. त्यामुळे दोष सरसकट नाही हे मला समजते. वैशाख शुद्ध तृतीया सगळीकडे एकाच दिवशी येते, म्हणून तेथे चूक लपली. वद्य पक्षात मात्र महिन्यांची नावेच बदलतात, कारण महाराष्ट्रात महिना अमावस्येला संपतो आणि उत्तरेकडे पौर्णिमेला. इंदूरला असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला आपल्या ॲपने १४ जुलैला पहिल्या श्रावणी सोमवारची आठवण केली. आमच्याकडे श्रावण २५ जुलैला लागला आणि पहिला सोमवार २८ जुलैला आला. तिने दोन सोमवार जास्तीचे उपास केले, त्यात कोणाचे नुकसान झाले नाही, उलट तिचे मेहुणे त्यावरून तिची अजून थट्टा करतात.

परंतु याच कारणाने १६ ऑगस्टला जे घडले ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. आमच्या वडिलांचे श्राद्ध भाद्रपद वद्य अष्टमीला असते आणि ॲपमध्ये तशीच नोंद आहे. ती तिथी यंदा रविवारी, १४ सप्टेंबरला येते. उत्तरेकडील गणनेत आपली श्रावण वद्य अष्टमी, म्हणजे गोकुळाष्टमी, हीच भाद्रपद कृष्ण अष्टमी ठरते. म्हणून १६ ऑगस्टला सकाळी सहा वाजता बहिणीच्या फोनवर "आज वडिलांचे श्राद्ध" अशी सूचना आली. घरात गोकुळाष्टमीची तयारी चाललेली असताना ती रडत फोन करून मला विचारत होती की भावांनी श्राद्ध ठेवले आणि तिला कळवलेसुद्धा नाही का. पुतण्या त्या वेळी गावीच होता. त्याने शेजारी बसून हे बोलणे ऐकले, म्हणून निदान तिची समजूत काढायला मला साक्षीदार मिळाला.

या सर्व बाबींचा विचार करून माझी मागणी अशी आहे की सणाची व तिथीची गणना फोनच्या ठिकाणावरून न करता पूर्वीप्रमाणे खातेदाराने निवडलेल्या पंचांगावरून व्हावी, महिना अमावस्येला संपणारा की पौर्णिमेला संपणारा हे निवडण्याची सोय असावी आणि प्रत्येक सूचनेत सणाच्या नावाबरोबर तिथी व इंग्रजी तारीख दोन्ही छापली जावी, म्हणजे चूक झालीच तर वाचणाऱ्याच्या नजरेस येईल. खातेदाराने लिहिलेला मजकूर सर्वांना तत्काळ पोहोचला पाहिजे. गोषवारा ज्याला हवा त्याने घ्यावा. वर्गणीच्या उरलेल्या काळाची रक्कम मला परत मिळावी. तसेच तीन वर्षांत आमच्या कुटुंबाने साठवलेला मजकूर, छायाचित्रे आणि वहिनीच्या आवाजातली कानबाईची गाणी आम्हाला उतरवून घेता येतील अशा स्वरूपात मिळावीत. सेवा पुढे चालू ठेवावी की नाही हे कुटुंबात बसून ठरवायचे आहे, पण ती गाणी आपल्याकडे अडकून राहावीत अशी आमची इच्छा नाही. या मागण्यांत ती पहिली समजावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. माझ्या पहिल्या तक्रारीचा महिना ५ सप्टेंबरला पूर्ण होतो. तोपर्यंत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे, मला दाद मागता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. तसे करण्याची वेळ येऊ नये अशी अपेक्षा आहे.

इतर सुधारणांना वेळ लागत असेल तर तो समजू शकतो. मात्र वडिलांच्या श्राद्धाची नोंद १४ सप्टेंबरच्या आत सर्व अकरा बिऱ्हाडांसाठी दुरुस्त करून तसे मला लेखी कळवावे. तोवर मी सर्वांना फोन करून तारीख सांगत आहे आणि आजपर्यंत सात घरे झाली आहेत.

कळावे,

आपला वर्गणीदार
(ग्राहक क्रमांक व पावती सोबत जोडली आहे.)