रानफुलांच्या बियाण्यांचे पैसे परत मिळण्याबाबत व बदली कंद नाकारण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

दिनांक : २२ सप्टेंबर २०२५

विषय : किनाऱ्यावरील कंदवर्गीय रानफुलांच्या बियाण्यांच्या संचाबाबत तक्रार

महोदय,

मी २८ मे रोजी आपल्याकडून नागदवणा, कोकण दीपकाडी आणि कळलावी या तीन रानफुलांच्या बियांचा संच टपालखर्चासह ७२० रुपये भरून मागवला. तो ४ जूनला मला रत्नागिरीत मिळाला आणि पाऊस सुरू झाल्यावर ९ जूनला मी पाकिटावरील सूचनांप्रमाणे परसबागेतल्या कुंड्यांत बिया पेरल्या. सूचना अशी होती की, तिन्ही प्रकारच्या बिया चोवीस तास पाण्यात भिजवून एक इंच खोल पुराव्यात, म्हणजे साठ दिवसांत फुले येतील. माझ्या तक्रारीचे मूळ या एकाच वाक्यात आहे.

नागदवण्याची बी मिरची-वांग्याच्या बीसारखी नसते. ती मांसल, लहान बटाट्याएवढी असते, उगवण्यासाठी लागणारे पाणी तिच्यातच साठलेले असते आणि ती मातीवर नुसती ठेवली तरी रुजते. किनाऱ्यालगत वाढणाऱ्या या झाडाच्या बिया पाण्यावर तरंगत दूरवर जाऊन वाळूत रुजतात, त्यांना भिजवण्याची किंवा पुरण्याची गरज नाही. मात्र ती सुकली की मरते. आपण मला ज्या सहा बिया पाठवल्या, त्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसह हवाबंद पाकिटात होत्या आणि जुन्या सुपारीसारख्या सुरकुतलेल्या होत्या. दोन महिन्यांत एकही रुजली नाही. शेवटी त्या कापून पाहिल्या, तर आतून तपकिरी आणि कडक झालेल्या होत्या. त्याच काळात शेजाऱ्यांच्या कुंपणालगतच्या झाडाच्या पाच ताज्या बिया मी त्याच कुंडीतल्या वाळूवर न पुरता ठेवल्या होत्या. त्यांपैकी चार महिनाभरात रुजल्या. तेव्हा “उगवण हवामानावर अवलंबून असते” हे आपल्या प्रतिनिधींनी ३० ऑगस्टच्या ईमेलमध्ये दिलेले उत्तर मला मान्य नाही. हवामान दोन्ही बियांना एकच होते.

दीपकाडीच्या बाबतीत उलटे झाले : वीसपैकी चौदा बिया आठवड्याभरात उगवल्या. मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. पाती पोकळ होत्या आणि चोळल्यावर कांद्याचा स्पष्ट वास येत होता. दीपकाडीच्या बिया काळ्या, पण चपट्या चकतीसारख्या असतात, आपल्या पाकिटातल्या बिया काळ्या आणि कोनदार होत्या, हे मी पेरतानाच लक्षात घ्यायला हवे होते. ती पात आम्ही भाजीत घातली नाही, कारण पाकिटावरचे नाव खरे मानावे की वास, हे स्वयंपाकघरात ठरवणे मला योग्य वाटले नाही.

कळलावीच्या आठांपैकी दोन बिया रुजल्या. ही बी उशिरा आणि मागेपुढे उगवते हे मला ठाऊक असल्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु या वनस्पतीचे सर्वच भाग, विशेषतः कंद आणि बिया, कोल्चिसीन या विषारी द्रव्यामुळे अत्यंत विषारी असतात आणि आपल्या पाकिटावर “मुलांना बागकामाची गोडी लावा” एवढेच छापलेले आहे. हा इशारा आपण ताबडतोब छापावा. साठ दिवसांत फुले येण्याविषयी तर काय लिहावे? यांतील प्रत्येक बीला आधी कंद धरावा लागतो आणि नागदवण्याला बीपासून फुलापर्यंत दोन-तीन वर्षे तरी लागतात.

आता आपल्या प्रस्तावाविषयी. आपण भरपाई म्हणून “दीपकाडीचे फुलणारे तयार कंद” पाठवण्याची तयारी दाखवली आहे. ते मला नकोत. कोकण दीपकाडी ही फक्त कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, येणारी वनस्पती आहे. पावसाच्या सुरुवातीला काही दिवस तिची पांढरी फुले दिसतात आणि उरलेला बराच काळ ती कातळावरच्या थोड्याशा मातीत कंदरूपाने दडून असते. कंदच हवे असते तर ते सड्यावरून उकरून आणणे मला रत्नागिरीत राहून कठीण नव्हते. ते करायचे नाही, म्हणूनच मी बिया विकत घेतल्या. ज्या कंपनीला दीपकाडीची बी कांद्याच्या बीपासून वेगळी ओळखता येत नाही, तिच्याकडे दीपकाडीचेच फुलण्याजोगे कंद कुठून आले, हा प्रश्न मला पडला आहे. ते रोपवाटिकेत बीपासून वाढवले असतील तर त्याचा पुरावा कृपया लेखी पाठवावा.

आपण मला ७२० रुपये परत करावेत, तिन्ही वनस्पतींसाठी स्वतंत्र व खऱ्या सूचना छापेपर्यंत हा संच विक्रीतून काढावा आणि कंदांच्या स्रोताबाबत पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. पावती, पाकिटाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि कापलेल्या बियांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेल्या सहा कोनदार बिया मी तपासणीसाठी जपून ठेवल्या आहेत. उगवलेली चौदा रोपेही अजून कुंडीत आहेत आणि त्यांना कांदे धरू लागले आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, रत्नागिरी