लिफ्ट सुरू होईपर्यंत येऊ नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

"इतक्यात नको, नंतर बघू" असं मी फोनवर म्हणाले तेव्हा आईचा आवाज उतरला. तुम्ही नको आहात असं तिला वाटलं असेल, तर ते आधी मनातून काढून टाका. तुम्ही यावं म्हणून मी किती वाट बघतेय! पण या इमारतीत तुम्हाला आणायला माझं मन तयार होत नाही. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

लिफ्ट चार दिवस चालते आणि आठ दिवस बंद असते. बाबा म्हणतील, हळूहळू चढू. चढालही. पण पायऱ्या उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो आणि आमच्या जिन्यातले दोन मजल्यांवरचे दिवे कधीचे गेलेत. त्या अंधारात आईला कठडा धरून उतरताना बघणं मला जमणार नाही.

लिफ्ट चालू असते तेव्हाही माझा तिच्यावर भरवसा नाही. लिफ्ट कोसळेल याची लोकांना भीती वाटते, पण ते फार क्वचित घडतं. एकाहून जास्त दोर असतात आणि वेग हाताबाहेर गेला की ब्रेक रुळांना पकडतात. एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापायला लावला होता, तेव्हापासूनची ही युक्ती. धोका दारापाशी असतो. आमची लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला थांबत नाही, चार बोटं वर किंवा खाली राहते. म्हातारं माणूस अडखळून पडायला तेवढं पुरे. मध्येच अडकली की लोक हाताने दार ओढून बाहेर उड्या मारतात, ते तर त्याहून वाईट. कुठेही अडकलात तर बेल वाजवा आणि आत शांत थांबा, एवढं दोघांनी लक्षात ठेवा.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. लिफ्ट बंद असली की ते खाली येतच नाहीत. औषधं आम्ही शेजारी आणून देतो, पण फिरणं, चार माणसांत बसणं, सगळं थांबलंय. परवा मला म्हणाले, "मी वर राहतो हे इमारतीच्या ऑफिसात कुणाला माहीत तरी आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. मॅनेजरच्या वहीत ती 'लिफ्टची तक्रार' आहे. या माणसाचं जगणं चार भिंतींत आलंय, ते त्या वहीत कुठेच नाही. याचा मला फार राग येतो.

आता ओल. वरच्या घराच्या बाथरूममधून पाणी झिरपतं आणि माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे पडतात. ऑफिसने माणूस पाठवून वरून रंग मारला. ओल्या भिंतीवर रंग किती टिकणार? पाणी मुरत राहिलं की एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, मग कितीही पुसा. पाणी कुठून येतंय हे शोधायची पद्धतही साधी आहे: वरच्या बाथरूमची मोरी बंद करून जमिनीवर दिवसभर पाणी साठवून ठेवायचं आणि खाली ओल वाढते का बघायचं. त्यासाठी वरच्यांना ऑफिसकडून एक पत्र जायला हवं. तेवढं पत्र अजून निघत नाही. बाबांचा दमा लक्षात घेता त्या खोलीत मी तुम्हाला झोपवू शकत नाही.

खरा जाच हा आहे की जबाबदार कोण, हेच कुणी सांगत नाही. घरमालक म्हणतात, पाइप इमारतीचा आहे, मॅनेजरशी बोला. मॅनेजर म्हणतो, भिंत मालकाची आहे आणि भाडेकरूंच्या तक्रारी आम्ही घेत नाही. देखभालीचे पैसे मात्र माझ्या भाड्यातूनच जातात. मी पैसे देते, मी इथे राहते, पण मला विचारायचा हक्क नाही, हे मी कसं मान्य करू?

एका बाबतीत मी आवाज चढवून बोलले, तेही सांगते. जिन्यात लोकांनी जुनी कपाटं आणि गाद्या ठेवल्यात, आणि अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यातून केव्हाच बाहेर गेलाय. आगीत माणसं जाळापेक्षा धुराने जास्त दगावतात, आणि बाहेर पडायला तो एकच जिना आहे. कपाटं अजून तिथेच आहेत.

बाबा, तुम्ही म्हणालात भाडं थांबव. मी थांबवणार नाही. तसं केलं की थकबाकीदार मीच ठरेन आणि गळती बाजूला राहून चर्चा माझ्या भाड्याची होईल. तोंडी बोलणं बंद केलंय. प्रत्येक तक्रार लेखी देते, एक प्रत मालकांना पाठवते, पोच घेते. भिंतीचे फोटो तारखेसह ठेवते, कारण घर सोडताना ही ओल माझ्यामुळे आली असं म्हणून डिपॉझिट कापायला नकोत.

कराराची मुदत संपली की मी इथून निघणार आहे, हे ठरलं. नवं घर बघताना आधी जिना चढून बघेन आणि तिथल्या जुन्या भाडेकरूंशी बोलेन. लिफ्ट त्याआधी नीट झाली आणि भिंत वाळली, तर तुम्हाला न्यायला मी स्वतः येईन.

सोबत भाडेकराराची प्रत पाठवतेय. बाबा, दुरुस्ती आणि मुदतीआधी घर सोडणं, या दोन कलमांवर पेन्सिलने खूण केली आहे. तुम्ही आयुष्यभर असे कागद वाचलेत. नोटीस किती आधी द्यायची आणि डिपॉझिटबद्दल काय लिहिलंय, ते वाचून मला कळवा. आई, तू तोवर गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस.

तुमची लेक