इन्सुलिनलाही एक फ्रीज द्या

संपादक महोदय,

माझी मुलगी मधुमेहामुळं नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे, आता सातवीत. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 च्या वर जातो आणि दुपारी लाइन गेली की रात्रीच येते. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. म्हणून मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात डब्यात बंद केलेली बाटली, वर ओलं फडकं. पाणी शिंपडायला वावरातून दोनदा घरी येते. तरी मागच्या उन्हाळ्यात तालुक्याहून एसटीनं आणलेली बाटली घरी येईस्तोवर गढूळ झाली. पाण्यासारखं स्वच्छ असणारं औषध ते. फेकून दिली, रडू आलं.

जानेवारी 1922 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनची पहिली सुई दिली. त्याआधी अशी लेकरं जवळपास उपाशी ठेवून जगवत, तीही फार दिवस जगत नसत. हे औषध तयार करणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्यावरचे आपले हक्क एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. म्हणूनच माझी पोर आज शाळेत जाते.

आरोग्य केंद्रात लसींसाठी फ्रीज असतोच. तसाच एक इन्सुलिनसाठी द्या, आणि बाटल्याही तिथंच मिळू द्या. उन्हाळ्याआधी.

एक आई, जि. यवतमाळ