तारीख पुसलेल्या भगरीच्या पिठाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

दिनांक : 9 जुलै 2025

विषय : भगरीच्या पिठाचं अर्धा किलोचं पाकीट आणि ते खाऊन झालेला त्रास.

महोदय,

रविवारी, 6 जुलैला आषाढी एकादशी होती. घरात उपवास सासूबाईंचा आणि माझा. दुपारी तुमच्या पिठाच्या भाकरी थापल्या, शेंगदाण्याची आमटी केली. सासूबाईंनी दीड भाकरी खाल्ली, मी अर्धी. चारच्या सुमाराला त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "घर फिरायलंय गं." पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत जाईना. "हात माझं ऐकंना गेलाय" म्हणेपर्यंत उलट्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात नेलं, दोन सलाईन लावल्या, रात्रभर ठेवून घेतलं. माझं गरगरण्यावर आणि मळमळीवर निभावलं.

आमटीला दोष देऊ नका. तीच आमटी घरातल्या बाकीच्यांनी ज्वारीच्या भाकरीशी ओरपली, त्यांना काही झालं नाही. शेजारच्या काकूंनी त्याच दुकानातून तुमचंच पाकीट नेलं होतं. त्यांनी भाकरी दह्याशी खाल्ली, आणि संध्याकाळी त्याही दवाखान्यात आमच्या पलीकडच्या खाटेवर होत्या.

आता पाकिटाविषयी. पॅकिंगची तारीख जिथं छापली आहे तिथं जांभळ्या शाईचा नुसता डाग आहे. उजेडात धरलं, चष्मा लावून पाहिलं, मोबाईलमध्ये फोटो मोठा केला. '2' आणि '5' दिसतात, महिना दिसत नाही. 'पॅकिंगपासून चार महिने' असं खाली ठळक छापलंय, पण पॅकिंग कधीचं हेच कळत नसेल तर ते चार महिने कुठून मोजायचे? परवाना क्रमांक 14 आकडी असतो. मुलाला मोजायला बसवलं, तेरा भरले. चौदावा पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेत गेला की मुळात छापलाच नाही, ते तुम्हीच सांगा. एक आकडा कमी असला की तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून तपासताही येत नाही.

यात माझीही चूक आहे, ती लपवत नाही. पीठ चाळताना बोराएवढ्या दोन गुठळ्या चाळणीत राहिल्या. एक फोडली तर आत हिरवट-काळं होतं आणि बंद कणगीसारखा कोंदट वास आला. मी त्या फेकल्या आणि खालचं पीठ मळलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की गुठळी काढली तरी बुरशीचं विष पिठात उरतं, आणि तव्यावर भाजून ते जाईल याचा भरवसा नाही. भगर हवेतली ओल पटकन ओढते. आख्ख्या दाण्यापेक्षा पिठाला बुरशी लवकर धरते, त्यात हे पावसाळ्याचे दिवस. मला हे त्या दिवशी कळलं. तुमचा तर धंदाच हा आहे.

आमच्या मराठवाड्यात भगरीतून विषबाधा ही नवी गोष्ट नाही. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी आली की कुठल्या ना कुठल्या गावची बातमी येतेच. म्हणून अन्न व औषध प्रशासन सणाच्या आधी बजावतं : सुटी भगर घेऊ नका, पाकीटबंद घ्या, तारीख बघा. ते ऐकूनच मी यंदा सुटी भगर सोडून जास्तीचे पैसे देऊन तुमचं पाकीट घेतलं. ते पैसे कागदाचे नव्हते, त्यावरच्या तारखेचे होते.

दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, वरून जसा आला तसा मी ठेवायलो." त्याचं म्हणणं मला पटलं, कारण दुकानातल्या उरलेल्या सहा पाकिटांवरही तोच जांभळा डाग होता. ती त्यानं माझ्यासमोर फळीवरून काढली. तुमच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर मात्र एका मुलानं सांगितलं, "पाकीट फोडल्यावर आमची जबाबदारी नसते, पण बदली पाकीट पाठवतो." न फोडता भाकरी कशी करायची ते मी विचारलं, तेव्हा फोन ठेवला गेला. बदली पाकीट नको.

ही पाकिटं कोणत्या दिवशी भरली आणि कुठं कुठं पाठवली ते लेखी कळवा. असुरक्षित माल बाजारातून परत बोलावणं अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 28 नुसार तुमच्यावर बंधनकारक आहे. श्रावण तोंडावर आहे, तेव्हा हे आधी करा. त्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवा. औषधं आणि रिक्षा मिळून 1,740 रुपये झाले, पावत्या सोबत जोडल्या आहेत. आणि पावसाळ्यात पीठ विकण्यापेक्षा आख्खी भगर विका. लागेल तेवढी आम्ही घरी दळून घेऊ.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. अन्न व औषध प्रशासनाच्या बीड कार्यालयाला या पत्राची प्रत आजच पाठवली आहे.

उरलेलं पीठ पाकिटासकट झाकणाच्या डब्यात ठेवलं आहे. तुमचा माणूस आला तर त्याला दाखवीन, पण हातात देणार नाही. ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी आहे.

आपली ग्राहक,
अंबाजोगाई, जि. बीड

सोबत : पाकिटाचे चार फोटो, दुकानाची पावती, दवाखान्याचे कागद, औषधांच्या आणि रिक्षाच्या पावत्या